बोंबलाच्या डब्यातलं सोनं

मी मूळचा तारोडीचा. आता मीरा रोडला पूनम सागरमध्ये मुलाकडे राहतो, बिल्डिंगमधले सगळे मला काका म्हणतात किंवा अंकल म्हणतात, पण माझा जन्म तारोडीचा, उत्तनच्या पट्ट्यातलं गाव, समुद्राला चिकटून. वडिलांचा एका होडीत हिस्सा होता, आई सुकी मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात बसायची, आणि मी घरातला थोरला असून होडीवर गेलो नाही, कारण मला बोट लागायची. हसू नका. कोळ्याच्या पोटी जन्मलो आणि होडीत पाय ठेवला की पोटातलं सगळं तोंडात. दोन-तीनदा नेलं वडिलांनी, मग म्हणाले, ह्याला बर्फात घाला. बर्फात म्हणजे होड्यांना बर्फ पुरवणारा कारखाना होता तिथे. तिथे मी लागलो तो म्हातारा होईपर्यंत लाद्याच ओढल्या. त्या कारखान्यातल्या मशीनचा आवाज असा, की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलायचं. त्यामुळे माझा आवाज हा असा झालाय. मी हळू बोललो तरी खाली गेटपर्यंत ऐकू जातं, सूनबाई म्हणते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कबड्डीचं सांगायला हवं आधी, त्याशिवाय बाकीचं कळायचं नाही. आमच्याकडे मासळी सुकवायचं एक मैदान आहे. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, मासळी नसते, मैदान मोकळं. तिथे आम्ही खेळायचो, चिखलात. मला पाणी सोसत नसलं तरी माती सोसायची, मी पकड बरी करायचो, आणि वय झाल्यावर पोरांना शिकवायला लागलो. कुणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता, कारखान्यातून आलो की लाकडी बाकावर बसायचं आणि ओरडायचं. आवाज होताच.

दोन पोरं चांगली निघाली. एक माझा नितीन आणि दुसरा प्रशांत. प्रशांतचे वडील माझे दोस्त, ते लवकर गेले, आजारपणात. त्याच्या आईला मी भीमावहिनी म्हणतो. ती माझ्या आईसारखीच, टोपली घेऊन बाजारात बसणारी. दोन्ही पोरं एका वयाची, एका ताटात जेवायची. तुम्ही बोंबील सुकवताना पाहिलेत का? जोडीने टांगतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, म्हणजे दोरीवर दोन्हीकडे एक-एक लोंबतो आणि वाऱ्याने पडत नाहीत. गावातले लोक ह्या दोघांना तसंच म्हणायचे, बोंबलाची जोडी.

मग जिल्ह्याच्या निवडीला गावातून एक नाव मागवलं. एकच. आणि नाव मी द्यायचं. आता काय सांगू तुम्हाला, नितीन वाईट नव्हता. पण प्रशांत चढाईला गेला की समोरचे सात जण त्याच्या पायाकडे बघायचे आणि तो हाताने मारून यायचा. ते शिकवून येत नाही. मी प्रशांतचं नाव दिलं. पोटच्या पोराला बाजूला ठेवून दुसऱ्याच्या पोराचं नाव दिलं, आणि गावात माझं काय नाव झालं म्हणून सांगू, देवळात लोक वाट सोडून द्यायला लागले. भांडण असलं की काकांना बोलवा, होडीचा हिस्सा वाटायचा की काकांना बोलवा, दरवर्षी कबड्डीच्या स्पर्धेत पहिला नारळ काकांनी फोडायचा. का, तर हा माणूस खोटं बोलणार नाही, ह्याने स्वतःच्या पोराची गय केली नाही.

माझी बायको सुमन मात्र त्या दिवशी जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, न्याय केलात ते ठीक आहे, पण पोराला एकदा विचारायचं तरी होतं. मी म्हटलं, त्यात काय विचारायचं.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. प्रशांत जिल्ह्यातून राज्यात गेला, राज्यातून त्या टीव्हीवरच्या मोठ्या सामन्यांत. मीरा रोडच्या पुलाखाली त्याचा फोटो लागला, मांडीवर थाप मारतानाचा, माणसापेक्षा मोठा. त्या फोटोखालून नितीन रोज स्कूटर घेऊन टाइल्सच्या दुकानात कामाला जायचा. आणि मी भाजी आणायला. पिशवी घेऊन त्या फोटोखालून जाताना मी वर बघायचो नाही, आणि न बघताही मला त्याची मांडी दिसायची. एकदा टीव्हीवर त्याला विचारलं, तुझे गुरू कोण, तर त्याने माझं नाव घेतलं, तारोडीचे काका म्हणाला. शेजारपाजारचे पेढे मागायला आले. मी पेढे दिले आणि आतून असा जळलो, की स्वतः एकही पेढा खाल्ला नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आभार मानतोय म्हणजे काय, तुझं घेऊन मी मोठा झालो, हेच ना सांगतोय.

सामना लागला की नितीन सोफ्यावर पुढे सरकून बसायचा, मार, प्रशा, मार म्हणायचा. मी मागे खुर्चीवर. प्रशांत चढाईला आला की माझ्या मुठी आवळायच्या. नितीनला वाटायचं बाबांना टेन्शन आलंय. मी त्याची पकड व्हावी म्हणून मुठी आवळत होतो. कोपऱ्यातल्या पोराने त्याचा घोटा धरला की माझ्या बोटांना बरं वाटायचं. हे मी सुमनलाही सांगितलं नाही. तिला कळलं असावं, ती त्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात जायची.

त्याचं लग्न झालं, उत्तनच्या मनालीशी. हुशार पोरगी, शाळेत शिकवते. आमच्या बिल्डिंगमध्येच, आमच्या समोरच्या दाराचा फ्लॅट घेतला त्याने, आमच्यापेक्षा एक खोली जास्त. म्हणाला, काकांच्या समोर राहायचं. चार वर्षं संसार केला आणि मग दोघं वेगळी झाली. का, ते मला माहीत नाही, आणि जे सांगतात त्यांनाही माहीत नाही. तो वर्षातले आठ महिने बाहेर, हिला कंटाळा आला, की त्याला आला, कुणी मारहाण नाही, कुणी आरडाओरडा नाही, कोर्टात सह्या केल्या आणि फ्लॅट तिला देऊन तो भाड्याच्या जागेत गेला. लोक म्हणाले, बिचारा. मी म्हटलं मनात, बघा, बायकोला सोडतानाही फ्लॅट देऊन सोडतो, आणि आम्ही एका खोलीत नातवंडांच्या पायाशी झोपतो.

आता त्या डब्याची गोष्ट. आमच्याकडे पावसाळ्यासाठी सुक्या बोंबलाचा, जवळ्याचा मोठा पत्र्याचा डबा भरून ठेवतात. माझी आई दागिने त्या डब्यात ठेवायची, तळाशी, फडक्यात बांधून, वर बोंबील. तिचं म्हणणं, पोलीसही तिथं हात घालायचा न्हाय, मग चोर कशाला घालील. सुमननेही तेच चालू ठेवलं. मनाली एकटी राहायला लागली तेव्हा एक दिवस आमच्याकडे बसली होती. बँकेच्या लॉकरला दोघांची नावं होती, ते तिने बंद केलं, दागिने घरी आणलेत, भीती वाटते म्हणाली. सुमनने तिला डब्याचं सांगितलं. म्हणाली, आणि कुणाला बोलू नकोस, आईलाही नको. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. पुढच्या वर्षी सुमन गेली.

सुमन गेल्यानंतरची गोष्ट. सोसायटीची मीटिंग होती, खाली कंपाउंडमध्ये, खुर्च्या टाकून. बिल्डिंगला रंग काढत होते, परांच्या बांधलेल्या, रंगवाले वर बसून चहा पीत होते. विषय निघाला सुक्या मासळीच्या वासाचा. आमच्या वरच्या मजल्यावर शहाभाभी राहतात, बाई चांगली, तोंडाने गोड, पण वासाचं तिला होत नाही. म्हणाली, अंकल, आप लोगों के दो घर हैं, ये स्मेल का कुछ करो ना, मेहमान आते हैं तो शरम आती है. सगळे हसले. मला सुमन आठवली, तिचा तो डबा आठवला, आणि मला राग आला. मी उभा राहिलो आणि म्हटलं, भाभी, उस डब्बे को ऐसावैसा मत समझो, हमारी औरतें उसमें सोना रखती हैं सोना, नीचे सोना ऊपर बोंबील, तुम्हारे लॉकर से पक्का, कोई चोर हाथ नहीं लगाएगा. पुन्हा सगळे हसले. वॉचमन हसला, कुणाचा तरी ड्रायव्हर गाडी पुसत होता तो हसला, परांचीवरचे रंगवाले हसले. माझा आवाज मी तुम्हाला सांगितलाच. मनाली तेव्हा शाळेत होती. आणि माझी छाती फुगली होती, की कसं तोंड बंद केलं.

ह्यालाही वर्ष उलटलं. शिमग्याला मनाली उत्तनला आईकडे गेली. आमच्याकडे होळी मोठी असते, बायका सगळं सोनं अंगावर घालतात, पण ती वेगळी झालेली, सासरचं सोनं घालून गावात कशी फिरणार, लोक बोलतील, म्हणून ते घरीच ठेवून गेली. परत आली तर कुलूप तोडलेलं. मी समोरच राहतो, पण मीही होळीसाठी तारोडीला गेलो होतो, नितीनही. तिच्या पाठोपाठ आम्ही आलो. आत गेलो तर कपाट उघडं, कपडे खाली, आणि स्वयंपाकघरात बोंबील सगळीकडे. फरशीवर, ओट्यावर, सिंकमध्ये. डबा आडवा पडलेला, तळाशी काही नाही. मनाली त्या बोंबलात मधोमध उभी होती, चप्पल न काढता. दारात सगळी बिल्डिंग नाकाला रुमाल लावून.

मग सुरू झालं. एक म्हणे हिनेच केलं, विमा असेल. एक म्हणे हिचं बाहेर कुणीतरी आहे. एक म्हणे नवऱ्याला दागिने परत द्यावे लागू नयेत म्हणून नाटक. आणि एकाने माझ्याकडे वळून विचारलं, काका, तुम्ही त्यांच्यातले, तुम्हाला काय वाटतं? मला वाटलं काय, ते सांगतो. डबा बघताक्षणी मला ती मीटिंग आठवली होती. माझा आवाज माझ्याच कानात आला होता, नीचे सोना ऊपर बोंबील. दुसऱ्या क्षणाला मला दुसरं सुचलं. मी म्हटलं, बाहेरच्या माणसाला हे कसं कळणार? बोंबलात सोनं असतं हे आपल्यातल्यालाच माहीत. हे काम आपल्यातल्याच माणसाचं. नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती, प्रत्येकाच्या डोळ्यासमोर पुलाखालचा फोटो उभा राहिला.

आणि लोकांनी ते धरलं, कारण मी बोललो होतो. पोटच्या पोराला बाजूला ठेवणारा माणूस बोलला होता. दुसऱ्या दिवशी माइक घेऊन एक दाढीवाला आला, त्याचं मोबाइलवर चॅनल होतं, मीरा-भाईंदरच्या बातम्यांचं. त्याला मसाला हवा होता, नावाजलेला खेळाडू, घटस्फोटित बायको, चोरी. मला म्हणाला, काका, तुम्ही तर त्याचे गुरू. मी शर्ट बदलून आलो. खरंच सांगतो, इस्त्रीचा शर्ट घालून आलो. आणि कॅमेऱ्यासमोर म्हटलं, मला दुःख होतं हे बोलताना, पण हे घरातल्याशिवाय होत नाही.

ती क्लिप गावभर फिरली. प्रशांतला चौकीत बोलावलं. त्याच्या संघाने मग त्या मोसमात त्याला घरीच बसवलं, कारण काय दिलं ठाऊक नाही, पण पुलाखालचा फोटो उतरला आणि तिथे मिठाईवाल्याचा लागला. मी भाजी आणायला गेलो आणि वर बघितलं. बऱ्याच वर्षांनी मान वर करून त्या पुलाखालून गेलो, हातात मेथीची जुडी, आणि अंगात हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. लपवून काय करू.

भीमावहिनीला बाजारात बायका विचारायच्या, वहिनी, आज कुठल्या टोपलीत सोनं हाय? ती मासळीचे वाटे मांडत राहायची. हे मला नितीनने सांगितलं. तो कळवळून सांगत होता, प्रशा असं करणार नाही बाबा, तुम्ही असं कसं बोललात. मी म्हटलं, तुला काय कळतं. शहाभाभी एकदा लिफ्टमध्ये भेटली, साधेपणाने म्हणाली, अंकल, वो डब्बे वाली बात तो आपने ही मीटिंग में बोली थी ना? मी म्हटलं, मैंने? नहीं भाभी, आपको कुछ गलत याद है. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, हां, शायद. लिफ्ट थांबली आणि मी उतरलो, माझा मजला नसताना उतरलो. तोवर मी नुसता गप्प होतो, असं स्वतःला सांगता येत होतं. तिथून पुढे तेही येईना.

आणि मी तसाच राहिलो असतो. हे नीट लिहा, झाकू नका. प्रशांतसाठी माझं तोंड उघडलं नाही. पण लोकांची जीभ एका जागी थांबत नाही. कुणीतरी म्हणालं, आपल्यातला म्हणजे काकाही त्यांच्यातलेच की. समोरचं दार. नितीनने नवी मोटरसायकल घेतलीय. त्याने ती हप्त्यावर घेतली होती, पण ऐकतो कोण. एक दिवस चौकीतला माणूस आला, नितीनला म्हणाला, जरा येऊन जा. नितीन गेला, परत आला, मोटरसायकल खाली लावली आणि जेवायला बसलाच नाही. सूनबाईने ताट झाकून ठेवलं. तो म्हणाला, बाबा, तिथे बाकावर बसवलं मला, येणारे-जाणारे बघत होते. दुसऱ्याचा मुलगा बसला होता त्याच बाकावर, तेव्हा मी मेथी घेऊन मान वर करून चाललो होतो.

मी मनालीचं दार वाजवलं. तिने बसायला सांगितलं, चहा टाकला. मी कुठून सुरू करावं ह्या विचारात, तर तीच म्हणाली, काका, मी पोलिसांना तुमच्या घराचं नाव सांगितलेलं नाही, ते आपणहूनच गेले नितीनकडे. मला कळेना. मी म्हटलं, आमच्या घराचं नाव म्हणजे? ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली, काका, डब्याचं सुमनकाकींनी मला सांगितलं, तेव्हा खोलीत आपण तिघंच होतो. काकी गेल्या. राहिलो कोण?

अहो, त्या पोरीला पहिल्या दिवसापासून आमच्याच घरावर संशय होता. त्या बोंबलात उभी होती तेव्हापासून. मी दारात उभा राहून आपल्यातला आपल्यातला करत होतो, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, आणि प्रशांत? ती म्हणाली, त्याला तर डबा माहीतच नव्हता. त्याला अजून वाटत होतं दागिने लॉकरमध्ये आहेत. मी त्याच दिवशी त्याला फोन केला, म्हटलं, काकांच्या घराशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तर म्हणाला, हे पुन्हा कुणाजवळ बोलू नकोस. मग तुमची ती क्लिप आली. मी त्याला म्हटलं, बघितलंस, आळ तुझ्यावर घालतायत. तुम्हाला सांगू का तो काय म्हणाला?

मी म्हटलं, सांग.

म्हणाला, बाप आहे तो, पोराला वाचवतोय. तेव्हा माझ्यासाठी त्याला मागे ठेवलं, आता वाचवू दे.

चहा समोर होता. मी तो घेतला नाही आणि तिनेही घ्या म्हटलं नाही. मी जे केलं त्याला त्या पोराने माझ्यापेक्षा चांगलं कारण शोधून दिलं होतं. मी पोराला वाचवत नव्हतो हो. नितीनवर तेव्हा कुणाचं बोटही नव्हतं. मी नुसता जळत होतो. आणि तो माणूस, ज्याचा मोसम गेला, ज्याच्या आईला बाजारात टोमणे बसले, तो मुकाट बसला होता, का, तर काकांनी एकदा त्याचं नाव पाठवलं होतं.

मग मी मनालीला सगळं सांगितलं. मीटिंग, परांची, नीचे सोना ऊपर बोंबील, लिफ्टमधलं खोटं. माझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खाली आला असेल, तिला दोनदा काय म्हणून विचारावं लागलं. तिने गार झालेला चहा सिंकमध्ये ओतला. मग म्हणाली, म्हणजे नितीन नव्हता. मी म्हटलं, नाही. म्हणाली, मग तुम्ही आपल्यातला का म्हणालात? मी म्हटलं, जळत होतो. ती म्हणाली, कशावर काका? त्याच्या गुडघ्यांना मी चार वर्षं बर्फ बांधलाय. सामना झाला की दोन्ही गुडघे असे सुजायचे, पँट निघायची नाही. बर्फ बांधून छताकडे बघत पडायचा, बोलायचा नाही. त्या खोलीत मी होते, मला तर जळण्यासारखं काही दिसलं नाही.

आयुष्यभर बर्फ ओढला मी. आपलं पोर ज्याच्यामुळे मागे राहिलं म्हणून जळत होतो, तो बर्फात पडलेला होता हे मला माहीत नव्हतं. आणि नितीनचं ऐका. त्याला सांगितलं त्याच दिवशी. तो रागावेल, घर सोडा म्हणेल, असं वाटलं. तो म्हणाला, बाबा, त्या निवडीला मला जायचंच नव्हतं. मला चढाईला जाताना भीती वाटायची. तुम्ही प्रशाचं नाव दिलंत तेव्हा मी सुटलो म्हणून समुद्रावर जाऊन पोहलो. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, तुम्ही विचारलंत कधी? सुमन हेच म्हणाली होती, जेवायला वाढताना.

नंतर जे करायचं ते केलं. चौकीत गेलो, लिहून दिलं. तिथला माणूस म्हणाला, बाबा, म्हणजे आता अख्खी सोसायटी, रंगवाले, ड्रायव्हर, सगळेच आले की. मी म्हटलं, हो, तेच सांगायला आलोय. चोर अजून सापडलेला नाही. रंगवाल्यांवर मी बोट ठेवणार नाही, एकदा ठेवून बघितलंय मी बोट. शहाभाभीकडे गेलो, हात जोडले. ती म्हणाली, मालूम था अंकल, आपकी उमर देख के चुप रही. दाढीवाल्याला फोन केला, म्हटलं, पुन्हा घे, मला खरं सांगायचंय. तो म्हणाला, काका, आता त्या विषयाला कुणी बघत नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून दोन दिवस वाट बघितली. म्हणूनच तुम्हाला बोलावलं. तुम्ही लिहिता असं नितीन म्हणाला.

ह्या वर्षी तारोडीच्या स्पर्धेत नारळ फोडायला बोलावलं मला, नेहमीसारखं. मैदानावर लाइट, भोंगे, पोरं मांड्यांवर थापा मारतायत. मी नारळ फोडला आणि निवेदन करणाऱ्याच्या हातातून माइक घेतला. म्हटलं, प्रशांतने चोरी केली नाही, त्याच्यावर आळ मी घातला, डब्याचं गुपित मीच ओरडून सांगितलं होतं, मी जळून बोललो, पुढच्या वर्षी नारळ दुसऱ्याच्या हाताने फोडा. माझ्या आवाजाला माइकची गरज नव्हती, समुद्रावर ऐकू गेलं असेल. निवेदन करणारा भांबावला, माइक परत घेतला आणि म्हणाला, काकांचे आभार, दोन्ही संघांनी मैदानात यावं. आणि सामना सुरू झाला. दुसरं काय होणार होतं.

भीमावहिनी बायकांच्या बाजूला बसली होती. मी तिच्या पायाशी जाऊन बसलो. तिने पाय मागे घेतले नाहीत आणि मला उठही म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, त्याच्या बापाला मी सांगितलं व्हतं मरताना, काका हाय पोराला. मग ती सामना बघायला लागली. तेवढंच बोलली. त्यात माफी आहे की नाही हे मी अजून ठरवू शकलेलो नाही, आणि तिला विचारायचा मला हक्क नाही.

प्रशांतला एका दुसऱ्या संघाने घेतलंय, लहान संघ आहे, फोटोबिटो काही नाही. फोन करतो अधूनमधून, नितीनला. परवा मला दे म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, तू माझं काही देणं लागत नव्हतास. तो हसला, म्हणाला, काका, पायाकडे बघू दे त्यांना, हाताने मारायचं, तुम्हीच शिकवलंत. मी ते शिकवलं नव्हतं. त्याला सांगणार होतो, पण त्याने फोन ठेवला. मनालीने नवा डबा आणलाय, त्यात नुसते बोंबील आहेत, चार जोड्या आम्हाला देऊन गेली.

काल सामना होता. नितीन पुढे, मी मागे खुर्चीवर. प्रशांत चढाईला आला, आणि काय सांगू तुम्हाला, माझ्या मुठी आवळल्या. त्याच जुन्या बाजूने आवळल्या, घोटा धरणाऱ्या पोराच्या. मला वाटलं होतं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की हे जाईल. नाही गेलं. ह्या वयात जायचं नाही बहुतेक. मी एका हाताने दुसऱ्याची बोटं एकेक करून सोडवली आणि मोठ्याने म्हटलं, सुखरूप ये रे बाबा. नितीनने वळून बघितलं. तोवर प्रशांत मध्यरेषेला हात लावून आपल्या बाजूला परत गेला होता.